मदतीचा नंबर कुणी दिला?



स्मृतिव्याख्यानासाठी इतिहास, साहित्य, राजकारण असा भारदस्त विषय घ्यायची आपल्याकडे रीत आहे. त्या मानाने आजचा विषय किरकोळ वाटेल. संगणक बंद पडला, मोबाईलवरून पाठवलेले पैसे मध्येच अडकले, वीजबिलाचा घोळ झाला, तर मदत कुणाकडे मागायची आणि ती मागताना फसायचे कसे नाही, एवढाच हा विषय आहे. पण ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरे आज कशी चालतात हे पाहिले की तो किरकोळ राहत नाही. लोकलचा पास, वीजबिल, गॅसचे बिल, मालमत्ता कर, सोसायटीचा मेंटेनन्स, मुलांची फी हे सगळे आता हातातल्या फोनवरून होते. यातले काही अडले की खिडकीवर जाऊन विचारायची सोय दरवर्षी थोडी थोडी कमी होत गेली आणि तिची जागा एका फोन नंबरने घेतली. तो नंबर कुठून आणायचा, हे मात्र कुणी शिकवले नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: मदत शोधताना फसणारा माणूस सहसा लोभी नसतो आणि अडाणीही नसतो. ज्या ठिकाणी कुणीही काहीही लिहू शकतो आणि लिहिलेल्याची जबाबदारी कुणावरच नसते, अशा ठिकाणाहून त्याला नंबर उचलावा लागतो, म्हणून तो फसतो. तेव्हा फोनवरचा माणूस खरा की खोटा हे ओळखण्याच्या फंदात न पडता नंबर कुठून आला हे आधी पाहायचे, ही सवय आपण लावून घेतली पाहिजे. आणि खरा नंबर चटकन सापडेल, तो लागेल, याची हमी संस्थांकडून घेतली पाहिजे.

या विषयाचा एक मोठा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेऊन चौकशी झाली आणि सुरुवातीलाच सत्तर जणांना अटक झाली. ही मुले अमेरिकेतल्या नागरिकांना फोन करत, आपण तिथल्या आयकर खात्यातून बोलतो आहोत असे सांगत, कर थकल्याचा धाक घालत आणि अटक टाळायची तर ताबडतोब पैसे भरा म्हणत. पैसे बहुधा दुकानातून गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावून, त्यांवरचे आकडे फोनवर वाचून घेऊन उकळले जात. त्याच महिन्याच्या २७ तारखेला अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ व्यक्ती आणि भारतातल्या पाच कॉल सेंटरांवर अशाच धंद्याबद्दल आरोपपत्र जाहीर केले. फसलेल्यांची संख्या पंधरा हजारांच्या वर असल्याचे त्यात म्हटले होते. मीरा रोडच्या प्रकरणातून आपण शिकण्यासारखे आहे ते या आकड्यांपेक्षा तिथल्या कामाच्या पद्धतीत. बोलायचे वाक्य न् वाक्य कागदावर लिहिलेले होते. नवख्या मुलाला उच्चार शिकवले जात, परदेशी नाव दिले जात. पहिला फोन एकाने करायचा आणि माणूस घाबरला की तो सराईत सहकाऱ्याकडे द्यायचा, अशी कामाची वाटणी होती. एका बाजूला घाबरलेला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला रोज शेकडो फोन करून घासून-पुसून तयार झालेली संहिता, असा हा सामना होता. ज्यांनी तो गमावला ते सधन, शिकलेल्या, इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातले लोक होते.

त्याच सुमारास या धंद्याने एक महत्त्वाचे वळण घेतले. मीरा रोडच्या पद्धतीत भामट्याला सावज शोधावे लागे. शंभर फोन करावेत तेव्हा एखादा गळाला लागे. अनोळखी फोन आला की बहुतेक माणसे आधीच सावध असतात. मग संगणकाच्या पडद्यावर खोटा इशारा झळकवून माणसालाच फोन करायला लावायची युक्ती पसरली. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे काहीही न झळकवता, नुसता आपला नंबर योग्य जागी पेरून ठेवायचा आणि वाट पाहायची. ज्याला अडचण आली आहे तो स्वतःच शोधत येतो, स्वतःच नंबर दाबतो. इथे संशयाची दिशाच उलटते. मी फोन केला आहे, म्हणजे समोरचा माझ्या मागे लागलेला नाही, असे मनाला वाटते. समोरचा माणूस नाव विचारतो, तक्रार ऐकून घेतो, खात्री करण्यासाठी म्हणून खात्याचे शेवटचे चार आकडे मागतो, तेव्हा आपलीच ओळख पटवून द्यायला आपण उतावीळ होतो. त्याची ओळख विचारायचे आपल्या डोक्यातही येत नाही. अनोळखी फोन उचलू नका, हा आपल्याला मिळालेला सर्वात जुना सल्ला इथे एकदम निकामी होतो, कारण आलेला फोनच इथे नसतो.

नंबर पेरायच्या जागा कोणत्या? पहिली जागा म्हणजे शोधाच्या निकालांवरच्या जाहिराती. संगणक किंवा प्रिंटर दुरुस्तीसाठी मदत शोधणाऱ्याला वरचेवर दिसणाऱ्या या जाहिरातींमागे फसवणूक इतकी बोकाळली की मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राने मे २०१६ मध्ये त्रयस्थ तंत्रसाहाय्याच्या जाहिराती बंदच करून टाकल्या. गूगलने ऑगस्ट २०१८ मध्ये तसाच निर्णय जाहीर केला. खरा दुरुस्तीवाला आणि खोटा यांत फरक करणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे, असे त्यामागचे कारण गूगलने स्वतःच दिले होते. हे वाक्य आपण नीट लक्षात घेतले पाहिजे. जगातली सगळ्यात मोठी शोधकंपनी, हाताशी एवढी माहिती आणि एवढे अभियंते असून, मला फरक ओळखणे अवघड जाते असे म्हणते. आणि आपण मात्र तो फरक डोंबिवलीतल्या सत्तर वर्षांच्या आजींनी आवाजावरून ओळखावा अशी अपेक्षा धरतो. दुसरी जागा म्हणजे नकाशे. गूगलने जाहिरातींवर बंधने आणली त्याच वर्षी बँक ऑफ इंडियाने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या, की गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखांसमोरचे फोन नंबर कुणीतरी बदलले आहेत. नकाशावरची माहिती वाचकांनाच सुधारता यावी, ही सोय चांगल्या हेतूने केलेली होती. पण दुकानाच्या पाटीवर येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही रंगाचा ब्रश चालवता यावा, तसा हा प्रकार झाला. शाखेचे नाव खरे, पत्ता खरा, इमारतीचा फोटो खरा, आणि फक्त नंबर भामट्याचा. तिसरी जागा समाजमाध्यमांची. एखाद्या ग्राहकाने बँकेला किंवा विमान कंपनीला उद्देशून जाहीर तक्रार लिहिली की काही मिनिटांतच तिच्याखाली मदतीला तत्पर असे उत्तर येते, सोबत कंपनीचे बोधचिन्ह आणि एक मोबाईल नंबर असतो. खऱ्या कंपनीचे उत्तर यायला कधी कधी दोन दिवस लागतात. भामटा नेहमी तिच्याआधी पोहोचतो, कारण त्याचे दुसरे कामच नसते.

नंबर लागला की पुढे काय होते, हे आपल्या भागातल्या एका परिचित प्रकारात पाहू. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रभर वीजग्राहकांच्या फोनवर एक संदेश फिरू लागला. मागच्या महिन्याचे बिल अद्ययावत झालेले नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा, आणि खाली एक दहा आकडी मोबाईल नंबर. बिल भरलेला माणूससुद्धा हे वाचून अस्वस्थ होतो. भरल्याची नोंद झाली नसेल, अशी शंका येतेच. फोन केला की पलीकडचा कथित अधिकारी अगदी सौजन्याने सांगतो, की बिल भरलेले दिसते आहे, फक्त नोंद अडकली आहे, एक लहानसे अ‍ॅप घ्या आणि दहा रुपये भरून नोंद पूर्ण करा. ते अ‍ॅप म्हणजे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर क्विकसपोर्टसारखे, दुसऱ्याचा पडदा दुरून पाहायचे साधन. ते स्वतः खोटे नाही. कार्यालयांतले संगणक विभाग रोज वापरतात. त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक सांगितला आणि परवानगीचे बटण दाबले, की आपला पडदा त्याच्यासमोर उघडा पडतो. मग दहा रुपये भरताना आपण कोणती बँक वापरतो, पासवर्ड कोणता घालतो, ओटीपी काय येतो, हे सगळे तो वाचत असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा अ‍ॅपच्या गैरवापराबद्दल बँकांना इशारा दिला होता. या प्रकारातली खरी गोम दहा रुपयांत आहे. एवढी क्षुल्लक रक्कम मागणारा माणूस लुटारू असेल असे कुणाला वाटत नाही.

संगणकाच्या बाबतीतला प्रकार दिसायला वेगळा, पण आतून तोच. एखादे संकेतस्थळ उघडताना चुकीचे अक्षर दाबले जाते किंवा भलत्याच जाहिरातीवर बोट पडते, आणि अचानक पूर्ण पडदा निळा-लाल होतो, भोंगा वाजू लागतो, संगणकात विषाणू शिरला असून तो बंद करू नका, अमुक टोल फ्री नंबरवर फोन करा, असा मजकूर येतो. माऊस हलत नाही असे वाटते. प्रत्यक्षात हे नुसते एक वेबपान असते, पडदाभर पसरवलेले. एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरले किंवा ब्राउझर बळेच बंद केला की ते नाहीसे होते. मायक्रोसॉफ्टने वारंवार जाहीर केले आहे, की त्यांच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. फोन केलाच, तर तंत्रज्ञ म्हणवणारा माणूस संगणकाच्या आतली एक नोंदवही उघडून दाखवतो. तिच्यात लाल-पिवळ्या खुणांच्या शेकडो ओळी असतात. धडधाकट संगणकातही त्या असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तशी ओळ उमटते. पण त्या खुणांचा अर्थ माहीत नसलेल्या माणसाला त्या रोगाच्या निदानासारख्या दिसतात. पुढे कधी दुरुस्तीची फी, तर कधी परताव्याचे नाटक. परत करायचे होते पाच हजार, चुकून पन्नास हजार गेले, असे सांगून बँकेच्या पानावरचा आकडा ब्राउझरमध्येच बदलून दाखवला जातो आणि जास्तीचे परत करा म्हणून रडारड केली जाते. म्हणजे माणसाचा प्रामाणिकपणाच त्याच्याविरुद्ध वापरला जातो. हा धंदा केवढा आहे याची कल्पना एका आकड्यावरून येईल. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात खोट्या तंत्रसाहाय्याच्या ३७ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांतले नुकसान ९२ कोटी डॉलरच्या वर होते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा: फसतात ते भोळे किंवा म्हातारे, शहाण्या माणसाला हे कळते. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये सोळा देशांत पाहणी केली, तिच्यात भारतातल्या ६९ टक्के लोकांनी वर्षभरात अशा फसवणुकीचा सामना झाल्याचे सांगितले. जगाची सरासरी ५९ टक्के होती. आणि जाळ्यात सापडणाऱ्यांत तरुणांचे प्रमाण मोठे होते. याचे कारण अवघड नाही. संगणक सहज वापरणारा माणूस सूचना भराभर पाळतो, अ‍ॅप झटकन उतरवतो, आणि आपल्याला यातले कळते या खात्रीमुळे घरात कुणाला विचारत नाही. लोभाचा मुद्दा तर इथे लागूच पडत नाही. लॉटरीच्या किंवा दामदुप्पट योजनेच्या फसवणुकीत माणसाला काही जास्तीचे हवे असते. मदत शोधणाऱ्याला स्वतःचेच अडकलेले पैसे हवे असतात, स्वतःचीच वीज चालू राहावी असे वाटत असते. तरीही आपण फसलेल्याला आधी दोष देतो आणि त्याचा थेट फायदा भामट्याला होतो. शरमेने माणूस घरात सांगत नाही, पोलिसांत जात नाही, आणि पैसे अडवण्याचे पहिले काही तास वाया जातात. हा दोष देण्याचा प्रकार म्हणजे नुसता उद्धटपणा नाही, त्याने प्रत्यक्ष नुकसान वाढते.

दुसरा आक्षेप असा की यासाठी एवढ्या ऊहापोहाची गरज काय. ओटीपी कुणाला सांगू नका, हे बँका रोज सांगतातच. ही सूचना बरोबर आहे, पण अपुरी आहे. पडदा दुरून दिसत असेल तर ओटीपी सांगावा लागतच नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, हे खूपजणांना माहीत असते, तरी परताव्याच्या गडबडीत हात पिनकडे जातो. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागण्याची विनंती पाठवायची सोयच बंद केली, ती याच अनुभवावरून. सूचनांची यादी वाढवत नेली तर ती कधीच पुरी होणार नाही, कारण प्रत्येक सूचनेला वळसा घालणारी नवी युक्ती निघते. त्याऐवजी एकच प्रश्न पक्का धरला तर बहुतेक युक्त्या तिथेच अडतात: हा नंबर मला कुणी दिला? तो माझ्या डेबिट कार्डाच्या मागे, पासबुकावर, छापील बिलावर किंवा आधीपासून फोनमध्ये असलेल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये असेल तर त्याला उगम आहे. शोधयंत्राच्या निकालात, नकाशावर, एखाद्या प्रतिसादात, संदेशात किंवा झळकणाऱ्या पाटीवर असेल तर त्याला उगम नाही, मग तो कितीही अधिकृत दिसो. टोल फ्री नंबर म्हणजे खरा, हाही भ्रम आहे. तसे नंबर भाड्याने मिळतात.

या कसोटीला जोड हवी ती कार्यपद्धतीच्या माहितीची. वीज तोडण्याचेच उदाहरण घ्या. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर ग्राहकाला किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. एवढे एक कलम ज्याला माहीत आहे त्याच्यावर आज रात्री साडेनऊची धमकी चालत नाही. शिवाय आपल्या भागात वीज कुणाची हेही ठाऊक हवे: कल्याण-डोंबिवली महावितरणच्या कल्याण परिमंडलात येते, ठाणे शहर भांडुप परिमंडलात, आणि कळवा-मुंब्रा-शीळ भागातले वितरण २०२० पासून टोरंट पॉवरकडे आहे. मुंब्र्याच्या ग्राहकाला महावितरणच्या अधिकाऱ्याचा फोन येतो तेव्हा तो तिथल्या तिथे खोटा ठरतो. महावितरणचा १९१२ हा नंबर चार आकडी आहे, लक्षात ठेवायला सोपा आहे, आणि कुठल्याही खाजगी मोबाईलवरून महावितरण असे संदेश पाठवत नाही. बँकांच्या बाबतीतही उगम ओळखायच्या दोन नव्या खुणा गेल्या काही वर्षांत आल्या. ग्राहकांना सेवेसाठी करायचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. आणि बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यायला ऑक्टोबर २०२५ अखेरची मुदत दिली. या दोन्ही पावलांमागचा विचार माझ्या म्हणण्याशी जुळतो. माणसाने आवाज ओळखावा या अपेक्षेऐवजी उगमावरच शिक्का असावा, हे नियामकानेही मान्य केले आहे.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे आणि तो मला मोकळेपणाने मान्य करावा लागेल. लोक म्हणतील, कार्डामागचा खरा नंबर आम्ही लावतोच. पण तिथे भाषा निवडा, मग एक दाबा, मग चार दाबा, मग सोळा आकडे टाका, मग संगीत ऐका, आणि पंधरा मिनिटांनी फोन कापला जातो. खोट्या नंबरवर मात्र दुसऱ्या घंटीला माणूस बोलतो, नाव विचारतो, धीर देतो. हे अगदी खरे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या धंद्याचे मूळ इथेच आहे. बँकांनी आणि कंपन्यांनी खर्च वाचवण्यासाठी मदतीचे दार जितके अरुंद केले, तितके भामट्यांचे दार रुंद झाले. मराठी माणूस मराठीत बोलू पाहतो आणि दोन-तीन पायऱ्यांनंतर हिंदी किंवा इंग्रजीशिवाय पर्याय उरत नाही, तेव्हा तो दुसरा नंबर शोधायला लागतो. म्हणून मदत केंद्राची गुणवत्ता हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचा प्रश्न आहे. किती सेकंदांत जिवंत माणूस बोलला, किती ग्राहकांचा फोन मध्येच तुटला, मराठीत बोलणारा मिळाला का, हे आकडे बँकांनी ठेवींच्या आकड्यांइतकेच ठळकपणे जाहीर केले पाहिजेत. फसवणुकीविरुद्ध जाहिरातींवर खर्च करणाऱ्या संस्थेने त्यातला निम्मा खर्च फोन उचलण्यावर केला तर जास्त लोक वाचतील, असे मला वाटते.

चौथा आक्षेप असा की हे पोलिसांचे काम आहे. नागरिकांवर भार कशाला? पोलिसांनी काम केले आहे. मीरा रोडचा छापा झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑपरेशन चक्र-२ मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांत मायक्रोसॉफ्ट आणि अमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली प्रकरणेही होती. पण कॉल सेंटर उभारायला लागतात थोडे संगणक, एक भाड्याची जागा आणि ती लिहिलेली संहिता. एक बंद झाले की दुसरे दुसऱ्या शहरात उघडते. पैसा तर काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात जातो. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीची १९३० ही मदतवाहिनी याच घाईवर उतारा म्हणून उभी केली आहे. तिथली तक्रार थेट बँकांच्या साखळीत जाते आणि पैसे जिथे पोहोचले असतील तिथे गोठवायचा प्रयत्न होतो. कायदाही वेळेलाच महत्त्व देतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बँकेचा किंवा ग्राहकाचा दोष नसताना व्यवहार झाला आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच बोजा पडत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही हे नियम लागू झाले. मात्र ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. दुरून पडदा पाहू देण्याला बहुतेक बँका ग्राहकाचा निष्काळजीपणा मानतात. तेव्हा कळवायला लागलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. पोलीस आणि कायदा नुकसान झाल्यावर येतात; नंबर निवडायचा तो क्षण मात्र आपल्याच हातात असतो.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. सगळ्यांवर संशय घ्यायला शिकवले तर माणूस माणसाला मदत मागायचेच सोडून देईल, आणि प्रामाणिक दुरुस्तीवाल्यांचे पोट मारले जाईल. मला हे उलट दिसते. माझी कसोटी माणसावर संशय घ्यायला सांगत नाही, ती बेवारस नंबरावर घ्यायला सांगते. स्टेशनजवळच्या गल्लीतला मोबाईल आणि संगणक दुरुस्त करणारा दुकानदार या कसोटीत नापास होत नाही. त्याला पत्ता आहे, शेजार आहे, त्याने काही उलटेसुलटे केले तर उद्या जाऊन विचारता येते. नापास होतो तो चेहरा नसलेला, पत्ता नसलेला साहाय्यक. मदत मागणे धोक्याचे नाही; घाईत, एकट्याने, अनोळखी पाटीवरून मागणे धोक्याचे आहे. आणि एकट्याने न मागण्याची परंपरा आपल्या शहरांत जुनी आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र घ्यायची पद्धत रुजवली, ती ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत पोहोचली. माल तपासण्याचे काम एकट्या गृहिणीवर न टाकता गटाने वाटून घेतले, हे तिचे मर्म होते. नंबर तपासण्याचे कामही तसेच वाटून घेता येईल. प्रत्येक सोसायटीच्या सूचनाफलकावर वीज, गॅस, पाणी आणि परिसरातल्या बँकांचे छापील बिलांवरून आणि पासबुकांवरून उतरवलेले नंबर लावावेत, खाली तपासल्याची तारीख आणि तपासणाऱ्या सदस्याची सही असावी. ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि वाचनालयांनी आठवड्यातला एक तास फक्त अशा अडचणींसाठी ठेवावा. तिथे कुणी तज्ज्ञ असलाच पाहिजे असे नाही. थांबा, हा नंबर कुठून घेतलात, असे विचारणारा एक माणूस पुरे.

श्रोतेहो, या शहरांकडे आणखी एक बळ आहे. डोंबिवली नागरी, ठाणे जनता, कल्याण जनता या सहकारी बँका सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच मध्यमवर्गाने उभ्या केल्या. आपल्यापैकी अनेकजण त्यांचे खातेदार आहेत, तसे सभासदही आहेत, आणि सभासदाला वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रश्न विचारायचा अधिकार आहे. आजवर त्या सभांत लाभांश किती टक्के हा प्रश्न हमखास येतो. यंदा त्याच्या जोडीला तीन प्रश्न विचारा. बँकेचा मदतीचा नंबर पासबुकावर आणि कार्डावर सहज वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापला आहे का? तो लावल्यावर मराठीत बोलणारा माणूस किती वेळात मिळतो आणि त्याची नोंद कोण ठेवते? बँकेच्या नावाने नकाशांवर आणि शोधयंत्रांत खोटा नंबर टाकला गेला आहे का, हे दर आठवड्याला कोण पाहते? उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या वर्षी त्याच मुद्द्यावर पुन्हा उभे राहा. दरवर्षी सप्टेंबर अखेरपर्यंत गृहनिर्माण संस्थांच्याही सर्वसाधारण सभा होतात. सूचनाफलकाचा ठराव तिथे मांडायला पाच मिनिटे पुरतात. मदतीची खरी दारे एवढी उघडी आणि एवढी ठळक केली, की खोट्या दाराकडे जायचे कारणच उरू नये, हे काम भामट्यांना पकडण्यापेक्षा सोपे आहे, आणि ते आपल्या हातात आहे.